उन्हाळ्यात ओढ्याचे पाणी भाजीला देताना: तूस, काथ्या आणि जलपर्णीचा वापर

उन्हाळा चढला की ओढ्याची धार बारीक होते, पण त्यात मिसळणारे सांडपाणी कमी होत नाही. त्यामुळे कॅडमियम, निकेल, शिसे यांसारख्या जड धातूंचे प्रमाण नेमके याच दिवसांत वाढते. पाणी नितळ दिसले म्हणून फसू नका. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवरूनही धातू कळत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळेतच नमुना द्यावा लागतो.

अहवाल आला की आधी कॅडमियमचा आकडा बघा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सिंचनाच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, शिशाची ५ मिलिग्रॅम. शिसे मातीला धरून बसते. कॅडमियम मात्र मुळांतून सहज वर चढते आणि पालेभाज्यांच्या पानांत साठते. भाजी टवटवीत दिसते आणि धातू खाणाऱ्याच्या पोटात जातो.

भाताचे तूस, नारळाचा काथ्या, लाकडाचा भुसा, उसाचे चिपाड या मेलेल्या वनस्पतिजन्य पदार्थांच्या पृष्ठभागावर धातूचे धनभारित कण चिकटतात. याला जैवशोषण म्हणतात. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे कण त्या जागा अडवतात, म्हणून सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५ ते ६ च्या आसपास असताना काम चांगले होते. जड पाण्यातले कॅल्शियमही जागा खाते. आर्सेनिक आणि विषारी स्वरूपातले क्रोमियम पाण्यात बहुधा ऋणभारित असतात. त्यांच्यासाठी साध्या तुसावर विसंबू नका.

पाणी आधी टाकीत रात्रभर निवळू द्या. गाळाला चिकटलेला बराचसा धातू तिथेच खाली बसतो. तूस रंग सुटेनासा होईपर्यंत धुऊन पिंपात दाबून भरा आणि पाणी तळातून वर, अगदी सावकाश चढवा. वरून ओतले तर ते एखादी वाट धरून सरळ निघून जाते. तूस दूषित पाण्यावर पिकलेल्या भाताचे नको, त्यात आधीच धातू असू शकतो. पिंपातून बाहेर येणारे पाणीही तपासून घ्या.

एक हिशेब आधीच करा. एकरावर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. एवढे पाणी पिंपभर तुसाने शुद्ध होत नाही. हा उपाय रोपवाटिकेपुरता, भाजीच्या दोन-चार वाफ्यांपुरता आहे. बाकी रानाला स्वच्छ पाणी मिळणार नसेल तर तिथे पालेभाजी लावूच नका, न खाण्याचे पीक घ्या.

सर्वांत मोठी चूक वापरलेल्या तुसाच्या बाबतीत होते. धातू नष्ट होत नाही, फक्त पाण्यातून तुसात जातो. ते तूस कंपोस्टात, गोठ्यात किंवा चुलीत गेले तर सगळी मेहनत उलटते. जाळले तर धूर आणि राख दोन्ही घातक. धातू ओढून घ्यायला पाण्यात वाढू दिलेल्या जलपर्णीचेही तसेच. तिची मुळे धातू ओढून घेतात, पण ती जागेवर कुजली की धातू परत पाण्यात उतरतो. म्हणून पहिल्या पावसाआधी ती मुळांसकट बाहेर काढा. जनावरांना घालू नका, खतही करू नका. तूस आणि जलपर्णी वेगवेगळ्या जाड प्लास्टिकच्या पोत्यांत बांधा, वर 'विषारी' असे लिहा आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे देईपर्यंत पोती छपराखाली, विहिरीपासून लांब ठेवा.