७ नोव्हेंबरच्या परिपाठाची तयारी

सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर उलटा आणि ७ नोव्हेंबरला शाळा आहे का ते बघा. हसू नका. दिनविशेषाला एवढी भरगच्च तारीख, पण कितीदा तरी ती दिवाळीच्या सुट्टीत नाहीतर तिच्या काठावर येते. २०१८ साली तर लक्ष्मीपूजनच ७ तारखेला होतं. तसं असेल तर कार्यक्रम सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी घ्या. सुट्टीच्या आधी घेऊन पाहिलाय मी; पोरांचं निम्मं मन किल्ल्याच्या मातीत आणि उरलेलं चकलीत असतं.

मग यादी छाटा. फोनवर सापडणारा दिनविशेष वीस-पंचवीस ओळींचा असतो. तो आहे तसा कागदावर उतरवून पाचवीतल्या मुलाच्या हातात दिला की ‘यांचा जन्म, यांचे निधन, यांचा जन्म’ अशी आगगाडी सुटते आणि मागच्या रांगेतली पोरं अंगठ्याने मातीत रेघोट्या ओढू लागतात. माझ्या यादीत तीन गोष्टी सविस्तर असतात आणि दोन-तीन ओझरत्या. सविस्तर त्या अशा: १९०० साली भीमराव आंबेडकरांचा साताऱ्याच्या शाळेत झालेला प्रवेश, १८८८ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांचा तिरुचिरापल्लीला झालेला जन्म आणि १८६७ साली मेरी क्युरी यांचा पोलंडमधल्या वॉर्सात झालेला जन्म.

पहिल्या गोष्टीसाठी शाळेचं जनरल रजिस्टर कपाटातून आदल्या दिवशीच काढून ठेवा. ऐनवेळी चावी मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक मीटिंगला, हे ठरलेलं. नऊ वर्षांचा भीमराव ज्या शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाला ती आजची प्रतापसिंह हायस्कूल, तेव्हाची सातारची सरकारी शाळा. तिथल्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे आणि शाळेने ते रजिस्टर जपून ठेवलंय. दाखल क्रमांक १९१४. इथे एक खाचखळगा सांगून ठेवतो: वाचणारं मूल हा आकडा साल समजून ‘१९१४ साली प्रवेश घेतला’ असं ठोकून देतं. त्याच्या कागदावर साल आणि क्रमांक वेगवेगळ्या रंगाने लिहा. याच प्रवेशाची आठवण म्हणून महाराष्ट्रात २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १५ ऑक्टोबर म्हणजे कलामांची जयंती, आपला वाचन प्रेरणा दिन, तो वेगळा. फलक लिहिताना या दोन्हींची सरमिसळ झालेली मी पाहिली आहे.

आपलं रजिस्टर कशासाठी, तर मुलांना त्यातलं एक पान उघडून दाखवायला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, दाखल तारीख. प्रत्येकाची एकेक ओळ असते आणि ती बघायला पोरं कशी वाकून गर्दी करतात ते बघाच. जुन्या पानांवर एकाच वर्षी जन्मतारीख १ जून असलेली डझनभर मुलं सापडतील. मुलं विचारतीलच, तेव्हा सांगा: घरात तारीख कुणाला आठवत नसे, मग गुरुजी शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे होत. आजोबांचा वाढदिवस कधी असतो ते घरी जाऊन विचारायला सांगा. (पान मोठ्याने वाचू मात्र नका, त्यात जातीचाही रकाना असतो.)

तरटाचा एक तुकडा आणून ठेवा. किराणा दुकानात रिकामं पोतं मिळतं. बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय की वर्गात त्यांना इतरांपासून वेगळं, कोपऱ्यात बसावं लागे. बसायचं तरट रोज घरून आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, कारण शाळा झाडणारा माणूसही त्याला हात लावत नसे. हे सांगताना तो तुकडा कोपऱ्यात अंथरा आणि मोकळाच राहू द्या. त्यावर कुणा मुलाला बसवून नाटुकलं करायचा मोह होईल, करू नका. तो मुलगा कोण असेल, हे आपण ठरवायचं आणि उरलेल्यांनी बघायचं, हे मला पटत नाही.

रामन यांच्यासाठी सामान थोडंच: काचेचा मोठा ग्लास किंवा पारदर्शक बरणी, पाणी, चमचाभर दूध आणि बॅटरी. प्रयोग मैदानात जमत नाही, उन्हात काही दिसत नाही. वर्गात खिडक्या लावून घ्या. पाण्यात दुधाचे थेंब एकेक करून सोडा आणि बाजूने उजेड पाडा. आडव्या अंगाने पाहिलं की पाण्यात निळसर झाक दिसते, आणि समोरून पाहिलं तर तोच उजेड पिवळसर-तांबूस होऊन बाहेर पडतो. मी पहिल्या वर्षी हात सैल सोडला, दूध जास्त पडलं आणि सगळं नुसतं पांढरं दिसलं. एक मुलगी म्हणाली, ‘गुरुजी, आता साखर घाला.’

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा: ग्लासात दिसतं ते प्रकाशाचं साधं विखुरणं, आकाश निळं दिसतं त्याच जातीचं. हा रामन परिणाम नव्हे. १९२१ साली बोटीने परत येताना भूमध्य समुद्राची निळाई पाहून रामन यांना प्रश्न पडला, की हे नुसतं आकाशाचं प्रतिबिंब आहे का. तिथून सुरू झालेलं काम कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ ला फळाला आलं: विखुरलेल्या प्रकाशातला अगदी नगण्य भाग आपला रंगच बदलून बाहेर पडतो. १९३० साली नोबेल मिळालं. राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो तो या शोधासाठी. तो रामन यांचा वाढदिवस आहे असं बऱ्याच मुलांना (आणि मोठ्यांना) वाटतं.

मेरी क्युरींसाठी नकाशा टांगा आणि वॉर्सा ते पॅरिस दोरा ताणा. पोलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात होता आणि वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. चोरून चालणाऱ्या वर्गांत त्या शिकल्या, लोकांच्या घरी राहून मुलांना शिकवण्याची नोकरी केली आणि १८९१ साली पॅरिसला गेल्या. १९०३ साली भौतिकशास्त्राचं आणि १९११ साली रसायनशास्त्राचं नोबेल. शोधलेल्या एका मूलद्रव्याला आपल्या देशाच्या नावावरून पोलोनियम म्हटलं. मुलांना सगळ्यात आवडतं ते वेगळंच: त्यांच्या वह्या आजही किरणोत्सारी आहेत आणि शिशाच्या पेट्यांत ठेवल्यात. ‘मग त्या वाचायच्या कशा?’ हा प्रश्न येणारच.

या तिघांना एकत्र बांधायला एक गणित फळ्यावर लिहा: ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा शाळेत गेला, त्या दिवशी रामन किती वर्षांचे झाले आणि मेरी क्युरी किती? उत्तर बारा आणि तेहतीस. चौथीचं मूलही हे सोडवतं, आणि तीन माणसं एका दिवसात येऊन बसतात.

ओझरत्या गोष्टींत बिपिनचंद्र पाल, जन्म १८५८. लाल-बाल-पालमधले पाल म्हटलं की टिळकांमुळे मुलांना लगेच कळतं. कवी केशवसुत १९०५ साली याच दिवशी हुबळीला वारले. त्यांची जयंती ७ ऑक्टोबरला करतात, त्यामुळे फळ्यावर जयंती की पुण्यतिथी हे दोनदा तपासा. सातवीला रशियातली १९१७ची ‘ऑक्टोबर क्रांती’ नोव्हेंबरात कशी, हेही द्या: त्यांचं जुनं कॅलेंडर तेरा दिवस मागे होतं. पुढच्या वर्षी त्यांनी ते बदललं तेव्हा ३१ जानेवारीनंतर एकदम १४ फेब्रुवारी उजाडली. मधल्या तारखांना वाढदिवस असलेल्या मुलांचं काय झालं असेल, यावर माझा वर्ग अर्धा तास भांडला होता.

शेवटी, रजिस्टर हातात आहेच तर ७ नोव्हेंबरला जन्मलेलं मूल शाळेत आहे का ते शोधून ठेवा. असेल तर फळ्यावर रामन आणि क्युरी यांच्या खाली त्याचं नाव त्याच आकारात लिहा आणि बॅटरी त्याच्याच हातात द्या. बॅटरीचे सेल तेवढे आदल्या दिवशी बघून ठेवा.