गाडी घरी चार्ज करायला लागलो आणि बिल फुगलं

कोल्हापुरात राजारामपुरीत घरीच इलेक्ट्रिक गाडी चार्ज करतो. बिल वाढणार हे धरूनच चाललो होतो, पण एवढं? वीज कंपनीच्या कार्यालयात उत्तर मिळालं, "गाडी घेतलाईसा न्हवं, मग येणारच की!"

जुनी बिलं काढली. मीटरच्या फोटोत नुसती काळी काच. रीडिंग न घेता सरासरी लावलेली, आणि राहिलेले सगळे युनिट या एकाच महिन्यात. १००, ३००, ५०० युनिटांपुढं दर चढतो, मार तिथंच बसला.

मीटरचा ताजा फोटो, ॲपमधले चार्जिंगचे युनिट जोडून लेखी अर्ज दिला. पोच घेतली (ती घ्याच). वीज कायदा २००३, कलम ५६ प्रमाणे आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम निषेध नोंदवून भरली, की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

युनिट महिनावार विभागून बिल दुरुस्त झालं. गाडीचे म्हणून जे होते, ते भरलेच.