हसळीचं हाड मोडलं तर: झोळी, झोप आणि फवारणीचा पंप

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी ड्रेसर होतो. हसळीचं हाड, म्हणजे डॉक्टर ज्याला कॉलर बोन म्हणतात ते, मोडलेला माणूस दारातूनच ओळखू यायचा. दुखऱ्या बाजूचा हात दुसऱ्या हातानं कोपराखाली उचलून धरलेला, मान त्याच बाजूला कललेली. बहुतेक मोटारसायकलवरून पडलेले, काही बैलबंडीवरून, पोरं झाडावरून. उपचार काय करायचा ते तो माणूस स्वतःच दाखवत असतो: हाताचं वजन उचलून धरायचं. मोडल्यावर हाताच्या वजनानं बाहेरचा तुकडा खाली ओढला जातो आणि मानेचा स्नायू आतला तुकडा वर खेचतो. झोळीचं काम एवढंच, की ते वजन हाडावर येऊ द्यायचं नाही.

पण झोळीआधी चार गोष्टी पाहा. हाड कातडीतून बाहेर आलंय का, किंवा आतून टोचून कातडी ताणून पांढरी पडलीय का? बोटं बधिर किंवा गार आहेत का? नख दाबून सोडलं की लाली परत यायला दोनेक सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो का? श्वास घेताना त्रास होतोय का? या हाडाच्या अगदी खाली हाताची मोठी रक्तवाहिनी, नसा आणि फुप्फुसाचं टोक असतं. यातलं काहीही दिसलं तर हात आधार देऊन धरा, १०८ ला फोन करा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी न्या. डोक्याला मार असेल तरी तेच.

आता झोळी. सुमारे एक मीटरचा चौकोनी सुती कपडा घ्या. जुन्या लुगड्याचा तुकडा उत्तम, नवा कडक कपडा काचतो. कोपऱ्यावर समोरचा कोपरा ठेवून तिरकी घडी घाला आणि त्रिकोण करा. समजा उजवं हाड मोडलंय. त्रिकोण छातीवर असा ठेवा की मधलं टोक उजव्या कोपराकडे येईल, वरचं टोक डाव्या खांद्यावरून मागे जाईल आणि खालचं टोक खाली लोंबेल. त्यावर हात आडवा ठेवा, पंजा कोपरापेक्षा जरासा वर. खालचं टोक हातावरून वर घ्या, पण दुखऱ्या खांद्यावरून नेऊ नका. ते उजव्या काखेतून मागे काढा, पाठीवरून तिरकं डाव्या बाजूला न्या आणि तिथं वरच्या टोकाशी गाठ मारा. गाठ पाठीच्या मणक्यावर येऊ देऊ नका. कोपराकडचं टोक पीळ देऊन आत खोचा. बोटं उघडी राहिली पाहिजेत. रस्ता खराब असेल, आणि आपल्याकडे तो असतोच, तर वरून एक दुपट्टा छाती आणि दंडाभोवती सैल गुंडाळा म्हणजे गाडीत हात हलत नाही. मेडिकलमध्ये मिळणारं आर्म पाउचही चालतं, फक्त त्याचा पट्टा मोडक्या हाडावरून जाऊ देऊ नका.

एक्स-रे मात्र काढायचाच. मधल्या भागातलं मोडलेलं हाड, आणि बहुतेक हाडं तिथंच मोडतात, साधारणपणे बिनऑपरेशनचं जुळतं. लहान मुलांत तर जवळजवळ नेहमीच. तुकडे एकमेकांवर चढून हाड दोन सेंटिमीटरच्या आसपास आखूड झालं असेल, तीन-चार तुकडे असतील किंवा खांद्याकडच्या टोकाला मोडलं असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला. आमचे साहेब २००७ साली छापलेल्या कॅनडातल्या अभ्यासाचा दाखला द्यायचे: जागा पूर्ण सोडलेल्या हाडांत, झोळीवर ठेवलेल्या ४९ जणांपैकी ७ जणांचं जुळलं नाही, प्लेट बसवलेल्या ६२ पैकी २ जणांचं. म्हणजे अशा हाडातही झोळीवरच्या बहुतेकांचं जुळलं, पण धोका जास्त होता. निर्णय ऐकून, समजून घ्या.

"हाड बसवून द्या ना बापा," असं लोक हमखास म्हणायचे. हे हाड ओढून बसवलं तरी तिथं टिकत नाही, आणि टिकायची गरजही नसते. म्हणून गावातल्या हाड बसवणाऱ्याकडून चोळून घेऊ नका. खाली काय काय आहे ते वर सांगितलंच. पाठीवर इंग्रजी आठाच्या (8) आकाराचा पट्टा पूर्वी आम्हीही बांधायचो. तुलना केलेल्या अभ्यासांत तो साध्या झोळीपेक्षा सरस ठरला नाही. उलट काखेत काचतो, मे महिन्यात तर माणूस रडकुंडीला येतो.

पहिले दोन-तीन दिवस कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गोळी डॉक्टर सांगतील ती. आडवं झोपलं की तुकडे हलतात आणि जीव जातो, म्हणून खाटेवर पाठीमागे गोधड्या रचून अर्धवट बसून झोपा, कोपराखाली उशी. सदरा बटणाचा, घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. आंघोळीला झोळी काढा, पुढे वाकून हात सैल लोंबू द्या आणि काख धुवा. ती कोरडी केल्याशिवाय झोळी बांधली तर घामोळं ठरलेलं. बिडी बंद, तिनं हाड जुळायला उशीर होतो. खर्ऱ्यातही, म्हणजे चघळायच्या सुपारीच्या मिश्रणातही, तंबाखूच असते, हे माझं कुणी ऐकलं नाही.

बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे. हे लोक करत नाहीत. "दुखते ना भौ" म्हणून हात महिनाभर झोळीतच, मग हाड जुळतं आणि खांदा आखडतो. दोन-तीन आठवड्यांनी दुखणं उतरलं की चांगला हात खाटेच्या काठावर टेकून वाका आणि दुखरा हात लोंबकळत ठेवून हळूहळू गोल फिरवा. सहा आठवड्यांच्या एक्स-रेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नका. नंतर भिंतीवर बोटांनी चढत चढत वर.

मुलांची झोळी तीन-चार आठवड्यांत सुटते. बाळंतपणात बाळाचं हाड मोडलं असेल तर डॉक्टर झबल्याची बाही छातीशी पिनेनं लावायला सांगतात. दोन-तीन आठवड्यांत जुळतं. जुळलेल्या जागी गाठ येते, ते नवं हाड असतं. मुलांची कालांतरानं झिजते, मोठ्यांची थोडी राहते.

मोठ्या माणसाला जड काम तीन महिन्यांनी. फवारणीचा पंप सगळ्यात शेवटी. सोळा लिटरचा पंप भरला की सोळा किलोच्या वर जातो, आणि पट्टा नेमका त्या गाठीवर बसतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी अर्धा भरून उचला, पट्ट्याखाली घडी घातलेला दुपट्टा ठेवा, आणि पंप पाठीवर चढवायला दुसरा माणूस घ्या. तीन महिन्यांनीही दाबल्यावर दुखत असेल किंवा तुकडे आत हलल्यासारखे वाटत असतील, तर पंप राहू द्या आणि पुन्हा एक्स-रे काढा.