आंबोलीत पावसाळ्यात चार दिवस पायी कसं फिरायचं

आंबोलीला जायचंय म्हटलं की लोक आधी विचारतात पॉइंट किती आहेत. पॉइंटच मोजायचे असतील तर गाडी काढा, कावळेसाद, महादेवगड, नांगरतास, मेन धबधबा सगळं एका दिवसात उरकतं, भजी खाऊन रात्री घरी. हे खालचं लिहिलंय ते तिथे राहून नुसतं चालायचंय अशांसाठी.

पोचायचं सोपं आहे, सावंतवाडीहून एसटीने घाट चढून तीसेक किलोमीटर, नाहीतर कोल्हापूरकडून आजऱ्यावरून. पण सोमवारी पोचा आणि शुक्रवारी निघा. जुलैच्या शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची अशी रांग लागते की पावसापेक्षा हॉर्नच जास्त ऐकू येतात. हॉटेलपेक्षा घरगुती राहायची सोय बघा आणि बुक करताना एकच गोष्ट विचारा, कपडे वाळवायला चुलीजवळ जागा आहे का. हसू नका. वर्षाला ७००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव आहे हे, मी पहिल्यांदा जीन्स आणि नवेकोरे स्पोर्ट शूज घालून गेलो होतो, पहिल्या तासात भिजले ते चार दिवस वाळले नाहीत, शेवटी मी उतरलो होतो त्या घरच्या काकींनी जीन्स चुलीवरच्या दोरीवर टाकली आणि मग महिनाभर ऑफिसात माझ्या पँटला धुराचा वास येत होता.

तर कपडे पातळ, पटकन वाळणारे घ्या, आणि राहायच्या जागेतला एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा, तो घालून बाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणजे नाही. पायात पट्ट्याचे प्लास्टिक सँडल बेस्ट. छत्री लांब दांड्याचीच घ्या, ती फोल्डिंगवाली कावळेसादला दोन मिनिटात उलटी होते, तिथे वारा एवढा असतो की दरीत पडणारं पाणीच उडून परत तोंडावर येतं. रेलिंगच्या पलीकडे जाऊ नका, शेवाळ असतं. कॅश जवळ ठेवा, लाइट नि नेटवर्क दोन्ही मनाला येईल तेव्हा जातं.

आता जळवा. यांना घाबरून लोक जंगलवाटा सोडून देतात, उगाच. मीठ आणि तंबाखूची पुरचुंडी ओली करून पायावर घासली की बऱ्याच लांब राहतात. तरी लागलीच तर ओढून काढू नका, कातडीला चिकटलेल्या टोकाखाली नख घालून हळूच बाजूला सरकवायची. नंतर रक्त थोडा वेळ वाहत राहतं, रक्त गोठू नये म्हणून ती चावताना सोय करून ठेवते, त्यामुळे धार बघून पॅनिक होऊ नका, धुवा, दाबून धरा, बस. खाज मात्र दोन-तीन दिवस येते.

चालायला सगळ्यात छान रस्ता हिरण्यकेशीच्या देवळाचा, स्टँडपासून चार-पाच किलोमीटर. सकाळी लवकर निघा, धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही, म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने चाला म्हणजे समोरून येणारी गाडी तोंडावर दिसते. देवळाच्या मागे गुहेतून पाणी येतं तोच हिरण्यकेशी नदीचा उगम. गंमत बघा, घाटातल्या धबधब्याचं पाणी खाली कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतं आणि हे इथलं पाणी आजऱ्याकडे वळून घटप्रभेतून कृष्णेला आणि पार बंगालच्या उपसागराला जातं, म्हणजे सकाळच्या एका चालण्यात दोन समुद्रांचं पाणी बघून होतं. देवळापुढच्या कुंडात पाय घालू नका, साबण तर नाहीच. तिथे बोटाएवढा मासा आहे, शिस्टुरा हिरण्यकेशी, २०२० मध्ये नवीन जात म्हणून नोंदला गेला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. काठावर उकिडवे बसा, पाच मिनिटं हलू नका, तळाच्या दगडांमधून दिसला तर दिसतो.

दुसऱ्या दिवशी चौकुळ गावच्या रस्त्याला जा, आणि मग तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी परत तोच रस्ता संध्याकाळी करा. हे मी मुद्दाम सांगतोय. पहिल्यांदा लोक नुसते बघतात, दुसऱ्यांदा "खंय चललात?" विचारतात, तिसऱ्यांदा चहाला बोलावतात. वाटेत कुणी अळंबी विकत असेल तर घ्या आणि काकींना द्या, स्वतः रानातून तोडायची हुशारी करू नका. शेताच्या कडेला गवा दिसला तर थांबा, फोटोसाठी पुढे न जाता आल्या पावली हळूहळू मागे फिरा, वाट त्याची आहे.

रात्रीचा फेरफटका मात्र एकट्याने नको, गावातला जाणकार माणूस घेऊनच करा, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. टॉर्च पायाशी धरून चालायचं कारण रस्त्यावर बेडकं बसलेली असतात. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढरा फेसाचा गोळा दिसला तर ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं, पिल्लं त्यातून टपकून थेट खालच्या पाण्यात पडतात. जून लागताना गेलात तर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आंबोली टोड नावाचा भेक बघायला मिळेल, नावातच आंबोली असलेला आणि पार नामशेष व्हायच्या उंबऱ्यावर उभा. फांद्यांना हात लावू नका, हिरवा चापडा साप पानात पान होऊन बसतो आणि विषारी असतो.

एवढं सांगूनही बूटच घालून गेलात तर परत आल्यावर त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, दर दोन तासांनी बदला. आणि ओल्या कपड्यांची पिशवी घरी बाल्कनीतच उघडा, आमच्याकडे एकदा मोज्यातून जळू निघाली आणि बायको अजून माझी बॅग घरात घेत नाही.