नवं रिव्हॉल्व्हर: पहिली गोळी घालण्याआधी काय तपासायचं, काय सुधारायचं

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शस्त्रपरवाना जिल्हाधिकारी देतात, आणि परवाना हातात पडला की बहुतेकांचं पहिलं शस्त्र बत्तीस बोअरचं, कानपूर बनावटीचं रिव्हॉल्व्हर असतं. केळीचे व्यापारी, सराफ, पंपमालक, सैन्यातून निवृत्त होऊन गावी आलेले जवान, सगळ्यांचं जवळजवळ असंच. मग घरी आणायचं, सहा काडतुसं भरायची आणि कपाटात ठेवून द्यायचं. ही सवय धोक्याची आहे. कारखान्यातून आलेला नग नवा असतो, पण त्यात ग्रीस साचलेलं असतं, कडांना धार असते, आणि क्वचित एखादं माप चुकलेलं असतं. ते शोधायचं काम मालकाचं. हे टिपण अशा नव्या परवानाधारकांसाठी आहे आणि परवानाप्राप्त दुकानात मिस्त्रीच्या हाताखाली दुरुस्ती शिकायला लागलेल्या मुलांसाठीही.

तपासणी दुकानातच सुरू करा. फ्रेमवरचा क्रमांक, बिलावरचा क्रमांक आणि परवान्यात चढवलेला क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. एक आकडा चुकला तर दुकानातून बाहेर पडू नका, नंतर ते निस्तरायला फार धावपळ होते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे, तेवढं डोक्यात ठेवा.

तपासणीसाठी खोली वेगळी हवी, आणि त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत कुलपात. रिव्हॉल्व्हर उघडा, सहाही घरं, म्हणजे फिरत्या सिलिंडरमधली काडतुसांची भोकं, डोळ्यांनी पाहा, करंगळीने चाचपा, मग पुन्हा पाहा. मध्येच फोन आला, कोणी चहाला हाक मारली, तर परत आल्यावर ही मोजणी पहिल्यापासून. नळीचं तोंड कायम जाड भिंतीकडे. सोबत एवढं सामान पुरे: फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पाती), बारीक टॉर्च, जुना दातांचा ब्रश, सुती चिंध्या, मार्कर आणि प्लास्टिकची सहा डमी काडतुसं.

कानपूरची दोन घडणीची शस्त्रं बाजारात दिसतात. जुनं बत्तीस बोअर आणि २०१४ मध्ये आलेलं टायटॅनियमचं निर्भीक, ही मधून मोडणारी, म्हणजे खटका दाबला की नळी खाली झुकते. २०२३ मध्ये आलेलं प्रबल मात्र बाजूला सिलिंडर उघडणारं आहे. मोडणाऱ्या घडणीत सगळ्यात आधी बिजागरी आणि वरचा खटका पाहायचा. शस्त्र बंद करा, एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी घ्या आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलक्या जोराने हलवा. खट् असा आवाज किंवा हाताला जाणवेल अशी ढिलाई आली तर नग परत. ही ढिलाई प्रत्येक गोळीगणिक वाढत जाते, ती तेलाने किंवा स्क्रू आवळून जात नाही.

आता नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट. ही गोष्ट नवशिक्यांना कोणी सांगत नाही आणि अर्ध्या तक्रारींचं मूळ इथेच असतं. सिलिंडर बोटाने मागे दाबून धरा आणि फीलर गेजचं पातं सरकवून पाहा. मग पुढे ढकलून पाहा. मागे दाबल्यावर ०.१० ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान फट मिळाली तर ठीक, ०.१५ च्या आसपास असेल तर उत्तम. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरची पुढे-मागे ढिलाई, ती ०.०५ च्या आत हवी, ०.०८ च्या पुढे गेली की मिस्त्रीला दाखवा. फट फार कमी असेल तर दहाबारा गोळ्यांनंतर काजळी आणि शिसं साचून सिलिंडर घासतं आणि फिरायचं थांबतं. फार जास्त असेल तर गरम वायू आणि शिशाचे कण बाजूने उडतात, गोळीचा वेगही पडतो. हे माप सहाही घरांवर घ्या. एकाच घराशी फट वेगळी येत असेल तर सिलिंडरचा तोंडाकडचा पृष्ठभाग सरळ कापलेला नाही, आणि तो घरी सरळ होणार नाही.

यानंतरची चाचणी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सावकाश करा. घरांवर मार्करने एक ते सहा आकडे घाला. डाव्या अंगठ्याने सिलिंडरला अगदी हलका विरोध द्या, ब्रेक लावल्यासारखा, आणि उजव्या अंगठ्याने घोडा हळूहळू मागे ओढा. घोडा पूर्ण चढण्याआधी किंवा चढताक्षणी सिलिंडर नेमक्या जागी अडकल्याची टिक् ऐकू आली पाहिजे. घोडा चढला आणि सिलिंडर अजून थोडं फिरायचं राहिलं, तर त्या घराचा आकडा लिहून ठेवा. घोडा खाली घेताना अंगठ्याने धरून हळू सोडा. हेच मग नुसता चाप ओढून करा, जितकं सावकाश ओढाल तितका दोष स्पष्ट दिसतो. सिलिंडर पूर्ण न फिरता गोळी सुटली तर ती नळीच्या कडेला घासत आत जाते, शिसं सोलून बाजूला उडतं आणि शेजारी उभ्या माणसाच्या चेहऱ्याला लागतं. सिलिंडरची आडवी ढिलाई बघायची तर चाप पूर्ण दाबलेला ठेवूनच बघा. चाप सोडलेला असताना थोडं हलणं बऱ्याच घडणींत असतंच, त्याला घाबरू नका. घर आणि नळी अगदी एका रेषेत आहेत का, हे मिस्त्रीकडे खास सळई घालून पाहायचं असतं. बंद शस्त्राच्या नळीत तोंडाकडून डोळा लावू नका, रिकामं असलं तरी.

मग घोड्याची पकड. रिकाम्या शस्त्राचा घोडा चढवा, चापाला हात न लावता अंगठ्याने घोडा मागून पुढे जोरात ढकला. तो निसटून पडला तर हे रिव्हॉल्व्हर त्याच दिवशी दुकानात परत गेलं पाहिजे, यात सबुरी नाही. दुसरं, घोडा खाली असताना आणि चाप सोडलेला असताना काडतुसावर ठोका मारणारी टोकदार पिन फ्रेमच्या भोकातून बाहेर डोकावता कामा नये. डोकावत असेल तर शस्त्र हातातून पडल्यावर गोळी सुटू शकते.

डमी काडतुसं घरात घालताना स्वतःच्या वजनाने सरकन बसली पाहिजेत. बाहेर काढताना पुंगळी (काडतुसाचं कवच) काढणारा तारा, म्हणजे सिलिंडरमागची चांदणीसारखी चकती, सहाही एकदम उचलतो का ते पाहा. मोडणाऱ्या घडणीत एक अडचण हमखास येते: शस्त्र अर्धवट उघडलं, किंवा घरांची मागची बाजू वर असताना उघडलं, की एखादी पुंगळी ताऱ्याच्या खाली जाऊन अडकते आणि शस्त्र ना बंद होतं ना उघडतं. उपाय सोपा आहे. घरांची मागची बाजू जमिनीकडे वळवा आणि एका दमात पूर्ण उघडा.

एवढं सगळं जमलं की स्वच्छता. कारखान्याचं घट्ट ग्रीस काढायला रॉकेल चालतं, पण मुठीच्या लाकडाला आणि रबराला लागू देऊ नका, आणि रॉकेल पूर्ण पुसून काढा, कारण ते वंगण नाही, मागे राहिलं की गंज धरतं. नळीत पितळी ब्रश शक्यतो मागून पुढे. तोंडाची कड खरवडली गेली तर नेम कायमचा बिघडतो. मग शस्त्राचं किंवा शिवणयंत्राचं पातळ तेल: बिजागरीला एक थेंब, सिलिंडरच्या आसाला एक, घोड्याच्या बाजूला एक, चापाच्या मागे एक. बस. खोबरेल, शेंगदाणा तेल कधीच नको, उन्हाळ्यात ते चिकट होतं आणि आपल्या काळ्या मातीची धूळ धरून बसतं. घरं आणि नळी मात्र भरण्याआधी कोरडी पुसायची. तेल झिरपून काडतुसाच्या टोपीत (बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेट घेणाऱ्या भागात) गेलं की गोळी उडतच नाही.

आता सुधारणा म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. नव्या शस्त्राचा चाप जड आणि खरबरीत लागतो, साधारण घोडा चढवून दीड ते अडीच किलो, नुसता चाप ओढून पाच ते सात किलो. भाजीच्या काट्यासारखा छोटा स्प्रिंगकाटा चापाला अडकवून मोजता येतो. तो खरबरीतपणा जातो तो सरावाने. डमी काडतुसं घालून रोज तीस-चाळीस वेळा चाप ओढा, दोनशे-तीनशे ओढींनंतर पृष्ठभाग एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. मग पुन्हा पुसा, पुन्हा तेल द्या, कारण घासून निघालेला चुरा आत राहिला तर तोच पुढे झीज करतो. मुठीचे स्क्रू अधूनमधून पाहा, तोंडाला बरोबर बसणारा पेचकसच वापरा. घरी करायची सुधारणा इथे संपते.

"अप्पा, चाप लोण्यासारखा करून देतो" असं सांगणारे भेटतील. त्यासाठी एक तर स्प्रिंगचा वेटोळा कापतात, नाहीतर घोड्याच्या खाचेवर कानस फिरवतात. स्प्रिंग कापली की टोपीवर ठोका हलका पडतो आणि ऐनवेळी गोळी उडत नाही. खाचेवरचा कठीण थर अगदी पातळ असतो. तो गेला की खालचं मऊ लोखंड झिजतं आणि वर सांगितलेल्या ढकलण्याच्या चाचणीत घोडा पडायला लागतो. शिवाय शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. पॉलिश करताना क्रमांक पुसट झाला तर ते वेगळंच प्रकरण. हातात कला असलेल्या मुलांनी हे काम परवानाधारक दुकानातच शिकावं. तिथे पहिलं वर्ष स्वच्छता आणि मापं घेण्यातच जातं, आणि तसंच जायला हवं.

पहिला गोळीबार अधिकृत रेंजवरच. शेतात, बांधावर, नदीपात्रात नाही. लग्नात तर नाहीच: आनंदाच्या भरात गोळी झाडली आणि कोणाच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. काडतुसांचा कोटा मोजका असतो, म्हणून अठरा गोळ्यांत सगळं बसवा. प्रथम एकच गोळी, बाकी घरं रिकामी. मग दोन. मग पूर्ण सहा, आणि शेवटच्या नऊ नेमासाठी. दहा मीटरवर कागद लावा आणि कोणत्या घराची गोळी कुठे लागली ते लिहा. पुंगळ्यांच्या टोप्या बघा: ठोका मधोमध हवा. एकाच घराचा ठोका कडेला असेल तर दोष फिरण्यात आहे, सगळ्यांचाच असेल तर पिनमध्ये. गोळी उडाली नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबा आणि नळीत गोळी अडकली नाही ना, ते उघडून सळईने पाहा. अडकलेल्या गोळीमागून दुसरी सोडली की नळी फाटते.

सगळ्या गोळ्या खाली डावीकडे जात असतील तर उजव्या हाताच्या माणसाने आधी स्वतःचा हात तपासावा, हे चापाला झटका देण्याचं लक्षण आहे. अनुभवी माणसानेही झाडून फरक तसाच राहिला तरच माशीचा, म्हणजे नळीच्या टोकावरच्या पुढच्या नेमाचा, विचार. गोळी खाली लागत असेल तर माशी कमी करतात. हिशोब असा: फरक गुणिले पुढच्या-मागच्या दोन नेमांमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. दहा मीटरवर पन्नास मिलिमीटर खाली आणि नेमांमध्ये १२० मिलिमीटर अंतर असेल तर ०.६ मिलिमीटर काढायचं. हे मिस्त्रीने दोन टप्प्यांत करावं, कारण काढलेलं परत चढत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंश आणि जूनमध्ये एकदम दमट हवा, या बदलात गंज धरतो. चामड्याच्या म्यानात शस्त्र ठेवून कपाट लावू नका, चामडं ओल धरतं. तेलाच्या फडक्यात गुंडाळा, सिलिका जेलची पुडी ठेवा, पावसाळ्यात पंधरवड्याला एकदा पुसा. निवडणुकीत पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करायला सांगतात, २०२४ मध्ये तर लोकसभा आणि विधानसभा अशा दोन आचारसंहिता लागल्या. जमा करण्याआधी नळीत आणि घरांत तेलाचा हात फिरवा, क्रमांक लिहिलेली पावती घ्या. परत मिळालं की फट, फिरणं, घोड्याची पकड आणि पिन हे चारही पुन्हा बघा, आणि मगच काडतुसांचा डबा उघडा.