कादंबरीतलं प्रेम घरात आणण्याआधी

मालवणात वाचनालयाच्या काउंटरला बसते मी. प्रेमकथा बिनधास्त न्या, फक्त वाचताना नायकाच्या जागी शेजारच्या वाडीतला मुलगा ठेवून बघा. नायिका स्पष्ट नाही म्हणते, तरी हा रोज तिच्यामागे एसटी स्टॉपपर्यंत, बोलायला बघतो. पुस्तकात ते झुरणं. इथे तो पाठलाग, २०१३ पासून गुन्हा, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८.

मग भांडणानंतरचं पान बघा. कथेत पाऊस, मिठी, विषय संपला. आमचे हे मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीवरचे प्रमुख. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, म्हणजे माणूस घरात आणि पैसा आटलेला. म्हणून मे महिन्यातच वही घेऊन बसायचं: हप्ता कुठून, जाळ्यांच्या डागडुजीला किती, माझ्या पगाराला हात लावायचा की नाही. ‘ह्या माका पटणा नाय’ म्हटलं, तर हे अबोला धरत नाहीत. चहा ठेवतात, पुन्हा आकडे मांडतात. (कादंबरीत अर्धं पानही टिकायचे नाहीत बिचारे!) तुमच्या माणसाला ‘नाही’ म्हणून बघा, पुढे काय होतं ते लक्षात ठेवा.

मोबाईल तपासणं, मैत्रिणी तोडायला लावणं, याला ‘पझेसिव्ह आहे गो’ म्हणून गोंजारू नका. त्रास वाढला तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.