सात खंडांची सात शिखरं: दमदार पोट्टेही करतात त्या चुका

पहाटे पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर पळणारी आणि दुपारी पाठीवर फवारणीचा पंप घेऊन पऱ्हाटीत फिरणारी आपल्याकडची पोरं दमाला कमी नाहीत. 2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हापासून "आपल्यालेही जमते" हे गावोगाव कळलंय. पण प्रत्येक खंडातलं सर्वात उंच शिखर, अशी सातही चढायची तर नुसत्या दमावर भिस्त ठेवली की तिथेच घोडं पेंड खातं.

भराभर चढणं

उंचीवरच्या हवेतही ऑक्सिजन 21 टक्केच असतो. दाब उतरतो, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश. शरीर याला सरावतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात आणि पळण्याच्या सरावाने ते दिवस कमी होत नाहीत. तगडा गडी सगळ्यांच्या पुढे निघतो आणि संध्याकाळी तोच डोकं धरून बसतो. 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम तिथेच करा. चिखलदऱ्याजवळचं वैराट पावणेबाराशे मीटरच्या आसपास आहे. पाठीवर वजन घेऊन तिथे जरूर चढा, पाय तयार होतील. उंचीची सवय मात्र तिथे होणार नाही.

आफ्रिकेचा किलिमांजारो (5895 मीटर) नेमका इथे फसवतो. नेहमीच्या वाटेवर दोर लागत नाही, म्हणून लोक पाच दिवसांचं स्वस्त पॅकेज घेतात. मरांगू वाटेवर होरोंबोचा मुक्काम 3720 मीटरवर, पुढचा किबो 4700 च्या वर आणि तिथून मध्यरात्री उठून थेट माथा! होरोंबोला एक दिवस जास्त काढा, नाहीतर लेमोशो वाटेने सात-आठ दिवस घ्या. एका दिवसाचे पैसे वाचवले आणि माथ्याखालून परतावं लागलं, तर विमानाच्या तिकिटासकट सगळं पाण्यात. युरोपच्या एल्ब्रुसलाही (5642 मीटर) रोपवे 3800 मीटरच्या वर नेऊन सोडतो. पायांना सोपं, डोक्याला अवघड.

दुखणं लपवणं

"मले काही नाही होत, भाऊ" हे वाक्य डोंगरावर धोक्याचं. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं ही विरळ हवा लागल्याची लक्षणं असू शकतात. ती असताना वर जायचं नाही. डोकेदुखीची गोळी खाऊन चढाई चालू ठेवणं तर त्याहून वाईट. शंका आली की त्या माणसाला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. झोक जात असेल, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रच असली तरी सोबत देऊन खाली उतरवा. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची तर आधी डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ते त्यांना सांगून.

नुसती उंची पाहून क्रम लावणं

उत्तर अमेरिकेचा डेनाली 6190 मीटर आणि दक्षिण अमेरिकेचा अकोंकागुआ 6961, म्हणून डेनाली सोपा समजू नका. तो उत्तर ध्रुवाच्या बाजूला, तिथे त्याच उंचीवर दाब आणखी कमी, थंडी भयंकर आणि सामान स्वतःच स्लेजवर ओढायचं. ऑस्ट्रेलियाचा कोशियुस्को 2228 मीटर, पायवाटेने चालतच सर होतो. काही जण सातांच्या यादीत त्याच्या जागी इंडोनेशियातला कार्स्टेन्झ पिरॅमिड (4884) धरतात; तो धरला तर तिथे कातळ चढता यायला हवा. अंटार्क्टिकाचा विन्सन (4892) खर्चानेच घाम काढतो.

पंचेचाळीस अंशांच्या उन्हाची सवय घेऊन बर्फात जाणं

सुती बनियन इथे बरं. तिकडे घामाने भिजलं की अंगावर गार पडतं. लोकरीचा किंवा सिंथेटिक थर घाला. पाण्याची बाटली उलटी ठेवा, कारण बर्फ वरून धरतो आणि झाकण मोकळं राहतं. मोबाइल आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी माथ्यावर दगा देते. बूट घरीच वापरून मऊ करा आणि निघण्याआधी नखं कापा. उतरताना अंगठे पुढे आपटून काळेनिळे होतात.

थेट परदेश गाठणं

आधी दार्जिलिंग, उत्तरकाशी किंवा मनालीच्या संस्थेत बेसिक माउंटेनियरिंग कोर्स करा. साधारण चार आठवड्यांचा असतो आणि जागा लवकर भरतात, म्हणून खरीप-रब्बीची कामं बघून तारीख आधीच धरा. बाहेर जाताना विमा कितीव्या मीटरपर्यंत चालतो आणि हेलिकॉप्टरचा खर्च त्यात आहे का, हे एजंटकडून लेखी घ्या.